पोकळ वाजलेली भिंत

वरच्या खोलीचं दार लागेना, तेव्हा काकूंनी ते आधी हाताने लोटलं, मग खांद्याने, आणि मग त्या जमिनीवर बसून खालच्या फटीकडे बघत राहिल्या. आदल्या आठवड्यापर्यंत हेच दार एका बोटाने लागत होतं. आता ते वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासत होतं आणि खाली करंगळी जाईल एवढी फट राहिली होती. दार काही आपोआप वाढत नाही. म्हणजे चौकट हलली होती, आणि चौकट हलली म्हणजे तिच्याखालचं काहीतरी खचलं होतं. तिच्या बरोब्बर खाली स्वयंपाकघर होतं. निदान भिंत पाडेपर्यंत तरी त्याला स्वयंपाकघर म्हणता येत होतं.

गुडघ्यावर हात टेकून काकू उठल्या आणि खाली येऊन त्यांनी चहा टाकला. चहा आता बैठकीच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर ठेवलेल्या विजेच्या शेगडीवर व्हायचा आणि भांडी न्हाणीघरातल्या टबात घासली जायची. सगळा संसार असा भलत्या जागी मांडलेला. साहेब खुर्चीत बसून मोबाइलवर बातम्या वाचत होते.

"वरचं दार घासतंय," काकू म्हणाल्या.

"हवेत ओल आहे. लाकूड फुगतं," साहेबांनी मान वर न करता सांगितलं.

काकूंनी आलं जरा जास्तच ठेचलं.

काकू हे काही त्यांचं नाव नव्हे. पण नवऱ्याच्या नोकरीत जितक्या सरकारी वसाहती झाल्या, तितक्या ठिकाणी सगळे त्यांना काकू म्हणत आणि नवऱ्याला साहेब. साहेब बांधकाम खात्यात होते. रस्ते, शाळा, दवाखाने, कचेऱ्या, काय वाटेल ते त्यांनी उभं केलं होतं आणि त्यातलं एकही पडलं नव्हतं, हे ते स्वतः सांगत आणि ते खरंही होतं. निवृत्तीनंतर एकुलत्या एका मुलीने फारच धोशा लावला, म्हणून दोघं या परक्या देशात आली. मुलीच्या घरापासून चालत जाता येईल अशा गल्लीत छोटंसं दुमजली घर घेतलं. सगळं झकास होतं, फक्त साहेबांना साहेब म्हणणारं इथे कुणी नव्हतं. शेजारी लांबून हात हलवत. दुकानातला पोरगेला माणूस त्यांना पिशवी हवी का विचारी, तेवढाच काय तो संवाद.

साहेब रागीट होते असं कुणी म्हणालं नसतं. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, हात उचलणं तर दूरच. त्यांच्या कामात कुणी चूक काढली की ते फक्त बोलणं बंद करत. पानावर बसत, जेवत, उठत, बाहेर जाऊन येत, पण तोंडातून शब्द नाही. हा अबोला कधी दोन दिवस टिके, कधी पंधरवडा. वसाहतीत असताना काकूंना त्याचं एवढं वाटत नसे. त्या शेजारच्या वहिनींकडे भाजी निवडायला जाऊन बसत, चार घरच्या गप्पा झाल्या की मन हलकं होई. पण इथे साहेब बोलले नाहीत तर दिवसभर घरात मराठीचा एक शब्द कानावर पडत नसे. मुलगी संध्याकाळी दमून फोन करी, तोही गाडी चालवता चालवता. इथे आल्यावर पहिल्याच थंडीत गॅसच्या बिलावरून असा एक अबोला झाला होता. तेव्हा काकू नळाशी बोलायला लागल्या होत्या, भांड्यांशी बोलायला लागल्या होत्या, आणि एकदा आपलाच आवाज ऐकून दचकल्या होत्या. त्या दिवसांची त्यांनी हाय खाल्ली होती.

म्हणून त्या दाराबद्दल पुन्हा बोलल्या नाहीत.

स्वयंपाकघराचं खूळ मुळात काकूंचंच. जुनं स्वयंपाकघर म्हणजे एक डबा होता. शेगडी भिंतीला टेकलेली, खिडकी पलीकडच्या बैठकीच्या खोलीत. एकदा चहा पिताना काकू सहज बोलून गेल्या, "सकाळ-संध्याकाळ भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, शाळेत शिक्षा केल्यासारखं." साहेबांनी ते मनावर घेतलं. कपाटं नवीन, ओटा नवीन, आणि मधली भिंत काढून टाकायची म्हणजे शेगडीपाशी उभं राहून रस्ता दिसेल. सुतार आला, जुनी कपाटं काढून घेऊन गेला, आणि दुसरं काम उरकून पुढच्या आठवड्यात येतो, भिंतीचं तेव्हा बघू, असं सांगून जो गेला तो गेला.

साहेबांना थांबणं जमत नाही. त्यांनी भिंतीपाशी जाऊन मधल्या बोटाच्या पेराने ती वाजवून बघितली. ही त्यांची जन्माची सवय. कुठेही गेले की भिंत वाजवायची, डोळे बारीक करून ऐकायचं, आणि आत काय आहे ते सांगायचं. हाताखालचे लोक गमतीने म्हणत, साहेब भिंतीची नाडी बघतात. ही भिंत ढब् ढब् वाजली.

"पोकळ," साहेब म्हणाले. "पुठ्ठ्याचा पडदा आहे नुसता. हिच्यावर कसला आलाय भार?"

आपल्याकडे हे अगदी बरोबर ठरलं असतं. सिमेंटचे खांब आणि तुळया घराचा भार घेतात, मधल्या विटा नुसत्या भरलेल्या असतात. एखादी भिंत काढली तर खोली मोठी होते, घराला त्याचा पत्ताही लागत नाही. साहेबांनी जन्मभर असलीच बांधकामं केली. पण हे घर लाकडाचं होतं. त्या पोकळ भिंतीत एकेका हातावर जे उभे दांडे होते, तेच इथले खांब होते आणि वरची खोली त्यांच्यावर बसलेली होती. काकूंना हे ठाऊक नव्हतं. साहेबांनाही नव्हतं, आणि आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नसेल ही शंका त्यांना बांधकामाच्या बाबतीत कधी आली नव्हती.

त्यांनी एका दुपारी घण आणि करवत घेऊन भिंत काढली. दांडे कापताना करवत अडकत होती, वरून कुणी दाबून धरल्यासारखी. साहेब म्हणाले, करवतीला धार नाही. शेवटचा दांडा निघाला तेव्हा खिडकीचा उजेड थेट शेगडीच्या जागेपर्यंत आला, आणि काकू लहान मुलीसारख्या हसल्या. घामाने डबडबलेल्या नवऱ्याला त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "किती छान केलंत हो." ते आठवलं की त्यांना आता स्वतःचा राग येत होता.

दार घासायच्या आधी कपाटाने खूण दिली होती. वरच्या खोलीतल्या कपाटाचं दार आपोआप उघडायला लागलं. मग नातीचा चेंडू. मुलगी कामावर जाताना चार वर्षांच्या नातीला इथे सोडून जाई. तिला सगळे मनी म्हणत, कारण ती मांजरीसारखी कुठेही चढून बसे. मनीने वरच्या खोलीत चेंडू कुठेही ठेवला तरी तो घरंगळत खोलीच्या मधोमध येऊन थांबायचा. मनीला ती जादू वाटली. तिने आजीला दहादा करून दाखवली, आणि काकू दहाही वेळा हसल्या. हसताना त्यांचं लक्ष जमिनीकडे होतं.

मग भेग दिसली. भिंत होती त्या रेषेवर, छताला, केसाएवढी. काकूंना ती संध्याकाळी दिसली आणि सकाळी बघतात तर नाही. त्यांना वाटलं आपल्याला भास झाला, वय झालं आता. पण दुसऱ्या संध्याकाळी भेग पुन्हा आली, जरा लांब होऊन, आणि सकाळी पुन्हा गायब. काकू स्टुलावर चढल्या आणि त्यांनी तिथे बोट लावलं. बोटाला पांढरी ओली पुट्टी लागली.

साहेब पहाटे फिरायला जायच्या आधी उठून भेग बुजवत होते. म्हणजे त्यांना दिसत होतं. त्यांना दिसत होतं आणि ते बोलत नव्हते. कळत असून गप्प बसणारे साहेब काकूंनी आजवर बघितलेच नव्हते. आतापर्यंत मनात एक आशा होती की एवढा मोठा इंजिनीअर घरात आहे, काही वाकडं असतं तर त्याला कळलं नसतं का. ती आशा त्या पुट्टीबरोबर बोटाला लागून आली.

बोट पदराला पुसून त्या खाली उतरल्या. आता बोलायचं, असं त्यांनी ठरवलं. साहेब फिरून आले, बूट काढले, म्हणाले, "आज चहात साखर बेताने घाल." काकूंनी साखर बेताने घातली. बाकी सगळं त्यांनी गिळलं.

त्या रात्री, आणि पुढच्याही, ती दोघं त्याच वरच्या खोलीत झोपली. काकू पाठ करून पडत आणि लाकडाचा प्रत्येक आवाज मोजल्यासारखा ऐकत. साहेबही जागे आहेत हे त्यांना श्वासावरून कळे. दोघं जीव मुठीत धरून पडलेली, आणि दोघं झोपेचं सोंग घेतलेली.

आणि आज दार लागत नव्हतं.

चहा होतोय तोच मुलीने मनीला आणून सोडलं. ती गाडीतूनच ओरडली, "आई, तिने काही खाल्लं नाहीये," आणि गेली. काकूंना वाटलं, हाक मारून थांबवावं. अगं, हिला परत ने, म्हणावं. पण मुलीने कारण विचारलं असतं आणि ते साहेबांच्या देखत सांगावं लागलं असतं. गाडी वळणाआड गेली तरी काकू दारातच उभ्या राहिल्या.

मनीचा बूट काढताना साहेब म्हणाले, "दुपारी हिला वर झोपवू नकोस. इथेच कोचावर झोपव."

"का?"

"वर धूळ आहे."

धूळ सगळी खाली होती. पाडलेल्या भिंतीचा चुरा अजून कोपऱ्यात पोत्यांतून भरून ठेवलेला होता, कोचावर बोट फिरवलं तर रेघ उमटत होती. काकूंनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी बघितलं नाही, ते मनीच्या बुटाच्या बंदाची गाठ सोडवत होते आणि त्यांच्याच्याने ती सुटत नव्हती. माणूस नातीला वर जाऊ देत नव्हता, आणि स्वतः बायकोसकट रोज तिथे झोपत होता. काकूंची पाचावर धारण बसली.

त्या दुधाचा पेला घेऊन वळल्या तेवढ्यात मनी निसटली. जिन्यावर तिची पावलं वाजली, वर गेली, आणि मग डोक्यावर सुरू झालं. धप्. धप्. धप्. आजी-आजोबांच्या पलंगावर उड्या मारणं हा तिचा रोजचा कार्यक्रम होता.

छतातून एक आवाज आला. सुकलेली फांदी वाकवावी तसा, पण लांबलचक. पहाटे बुजवलेली भेग दोघांच्या डोळ्यांसमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडली आणि तिच्यातून पांढरी भुकटी सांडली.

साहेब धावले ते जिन्याकडे नाही. त्यांनी कोपऱ्यातला, पाडलेल्या भिंतीचा कापलेला अर्धा दांडा उचलला, छताला लावला, आणि खालचं टोक खांद्यावर घेऊन उभे राहिले. "मनीला आण," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटला नाही.

काकू जिना कशा चढल्या हे त्यांना नंतर कधीच आठवलं नाही. दार आता अर्ध्यातच अडकलं होतं. त्या आडव्या होऊन आत घुसल्या. मनी पलंगावर हवेत होती, केस उडालेले, तोंड हसरं. काकूंनी तिला हवेतच झेललं. पायाखालची जमीन गादीसारखी दबत होती. त्या भिंतीच्या कडेकडेने, मनीचं तोंड खांद्यावर दाबून, दारातून निघाल्या, जिना उतरल्या, आणि उघड्या दारातून थेट रस्त्यावर. समोरच्या घरातली म्हातारी कुंड्यांना पाणी घालत होती. काकूंना तिची भाषा चार शब्दांपलीकडे येत नव्हती. त्यांनी मनीला तिच्या हातात दिलं. म्हातारीने काकूंच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता पोरीला आत नेलं.

साहेब बाहेर आले नव्हते.

काकू दारात गेल्या. साहेब तसेच उभे होते, खांद्यावर दांडा, मान वाकडी, दोन्ही हात वर. केसांवर, भुवयांवर पांढरं पडलेलं. छत त्यांच्या डोक्यावर पोटासारखं खाली आलं होतं.

"अहो, बाहेर या."

"मी धरलंय. तू सुताराला फोन लाव. तो येईपर्यंत मी धरतो."

साहेबांना कळत नव्हतं असं नाही. आयुष्यभर ज्याने भाराची गणितं केली, त्याला एका म्हाताऱ्या खांद्याचं गणित चुकेल कसं? काकूंना ते तिथे, उंबऱ्यात उभ्या उभ्या समजलं. बाहेर यायचं म्हणजे बाहेर का आलो ते सांगायचं. ते सांगण्यापेक्षा हा माणूस इथे चिरडून घ्यायला तयार होता. वर पलंगावर उड्या मारणाऱ्या मनीला बघून जेवढी वाटली नव्हती तेवढी भीती त्यांना आता वाटली.

मग त्या आत गेल्या. साहेबांच्या शेजारी, छताच्या त्या पोटाखाली उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला.

"हे काय करतेस?"

"मीपण धरते."

"वेड लागलंय तुला? बाहेर हो."

"का?"

"का म्हणजे? अगं, जा म्हणतो ना."

"तुम्ही धरलंय म्हणालात. मग मला काय भीती?" काकूंनी दांडा आणखी घट्ट धरला.

वर काहीतरी तुटलं. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, अगदी जवळून. "खाली येईल ते," ते म्हणाले. "भार होता त्या भिंतीवर. माझं चुकलं. खाली येईल, तू जा."

"मग चला," काकू म्हणाल्या.

त्यांनी साहेबांचा हात दांड्यावरून ओढून काढला. दांडा आडवा पडला. दोघं धडपडत, एकमेकांना ढकलत दारातून बाहेर पडली, पायरी उतरली, आणि मागे छताचा एक मोठा तुकडा कोसळला. दारातून धुळीचा लोट बाहेर आला आणि रस्त्यावर पसरला. मग शांत झालं. घर उभं होतं, पण त्यात पुन्हा पाऊल टाकायची दोघांचीही छाती नव्हती.

काकूंनी कमरेला खोचलेला मोबाइल काढून मुलीला फोन लावला. "लगेच ये. मनी बरी आहे, आम्ही बरे आहोत. सुताराला घेऊन ये," एवढंच त्या बोलल्या. फोन ठेवला तेव्हा त्यांना दिसलं की साहेब पायमोज्यांवर उभे आहेत आणि त्यांचा उजवा हात अजून खांद्याएवढा वर आहे. काकूंनी तो धरून खाली घेतला. भर रस्त्यात त्यांनी नवऱ्याचा हात कधी धरला नव्हता. आता धरला तो त्यांनी सोडला नाही.

"तुला कधीपासून दिसत होतं?" साहेबांनी विचारलं.

"पुट्टी ओली लागली तेव्हापासून. त्याच्या आधीही थोडं थोडं."

"मग बोलली का नाहीस?"

काकूंनी समोर बघितलं. खरं सोडून दुसरं काही बोलण्याइतकं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

"तुमची भीती वाटते."

"माझी?"

"तुम्ही बोलायचे बंद झालात की इथे माझं कुणी नाही."

साहेब बराच वेळ गप्प राहिले. काकूंना वाटलं, झालं, अबोला सुरू झाला.

"डोक्यावर घर आलं होतं," साहेब अखेर म्हणाले. "त्याहून माझी?"

"हो."

मुलीची गाडी वळणावर दिसली. ती वेडीवाकडी थांबली, मुलगी दार उघडं टाकून पळत आली आणि आईला, बापाला चाचपत विचारायला लागली, काय झालं, मनी कुठाय, कुणी सांगेल का मला. काकूंनी समोरच्या घराकडे बोट दाखवलं. पुढचं साहेबांनी सांगायचं होतं.

"भिंत मी पाडली," साहेब म्हणाले. "पाडायची नव्हती. मला कळलं होतं, तरी मी बोललो नाही." एकेक वाक्य झालं की ते थांबत होते आणि काकूंकडे बघत होते, बरोबर सांगतोय ना, असं विचारत.